कोष्ट्याच्या घराखालचं पाणी

फार पूर्वी डोंगराच्या अगदी पायाशी एक गाव होतं. तिथं पाऊस असा पडायचा की सांगून खरं वाटणार नाही. छपरावरचं पाणी दिसायचं, अंगणातलं दिसायचं, त्याची कुणाला भीती नव्हती. गावाला धाक होता तो न दिसणाऱ्या पाण्याचा. डोंगर ते पोटात घ्यायचा आणि मग सावकाश खाली सोडायचा, घरांच्या जमिनीखालून.

या गावात सोनबा नावाचा कोष्टी राहायचा. त्याचा माग खड्ड्याचा होता. म्हणजे घराच्या जमिनीतच एक खड्डा, विणणाऱ्यानं काठावर बसायचं, पाय आत सोडायचे आणि पायांनी पावड्या दाबत कापड विणायचं. उन्हाळ्यात ही जागा मोठी सुखाची. पण पावसाळा लागून पंधरा दिवस झाले की खड्ड्याच्या तळातून पाणी यायला लागायचं. आधी नुसती ओल, मग घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत.

आता सोनबा काही स्वस्थ बसणारा माणूस नव्हता बरं का. आजोबांनी केलं ते बापानं केलं आणि बापानं केलं ते त्यानं. दर उन्हाळ्यात खड्ड्याला आतून चिकणमातीचा नवा थर द्यायचा आणि चोपण्यानं बडवून बडवून घट्ट करायचा. पाणी यायचं ते यायचंच. मग पुढच्या वर्षी आणखी जाड थर. असं करता करता खड्डा इतका उथळ झाला की विणायला बसल्यावर सोनबाचे गुडघे हनुवटीला लागायचे. बायको हसून म्हणायची, अजून दोन पावसाळे जाऊ द्या, मग जमिनीवर मांडी घालूनच विणा.

पण त्या वर्षी हसणं बंद झालं. सोनबाचे पाय सुजले. वैद्यानं पाहिलं आणि स्पष्ट सांगितलं की आणखी एक पावसाळा हे पाय ओलीत राहिले तर चालणंही जाईल. म्हणजे एक तर पाय ठेवायचे, नाहीतर माग. आणि माग सोडून सोनबाला दुसरं काही येत नव्हतं.

शेवटी तो मल्लू म्हाताऱ्याकडे गेला. मल्लू आसपासच्या गावांत विहिरी खणायचा. जन्मभर लोकांनी त्याला पाणी आणून दे म्हणून बोलावलं होतं, पाणी घेऊन जा म्हणणारा हा पहिलाच भेटला. म्हातारा पोट धरून हसला आणि कुदळ घेऊन आला.

त्यानं खड्ड्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ घरामागं, डोंगराच्या बाजूला गेला, मूठभर माती उचलून चुरगळली आणि सोनबाला सांगितलं की पाणी घरात शिरल्यावर भांडत बसू नकोस, घराबाहेरच त्याला वाट काढून दे. मग दोघांनी मिळून घराच्या मागून आणि दोन्ही अंगांनी मागाच्या खड्ड्यापेक्षाही खोल चर खणला. तळाला उतार दिला. उतार बरोबर आहे की नाही ते तांब्याभर पाणी ओतून बघायचं, नसला तर पुन्हा खणायचं. मग तळात मोठे दगड घातले, त्यावर लहान दगड, त्यावर खडी, त्यावर जाड वाळू आणि सगळ्यात वर माती. सगळं झाकून गेलं. येणारेजाणारे थट्टा करायचे, एवढे दगड पेरलेत, आता उगवतात कधी?

चर सोनबाच्या खालच्या कुंपणापर्यंत आला. कुंपणाच्या पलीकडं चंद्राक्का भडभुंजिणीचं घर होतं, आणि त्याच्याही पलीकडं, चाळीस हातांवर, ओढा. मधली जमीन कडक मुरमाची. मल्लू म्हणाला, चर ओढ्यापर्यंत न्यायला हवा. पण सोनबाच्या हातांना फोड आले होते, आभाळ भरून आलं होतं. आपलं घर तर सुटलं, इथंच थांबू, असं त्यानं ठरवलं. पुढं उतारच आहे, पाणी आपलं आपण जाईल.

“पाणी आपलं आपण संपत नाही, सोनबा,” म्हातारा म्हणाला. “ते कुठंतरी पोचतंच.” पण घर सोनबाचं, शब्दही त्याचाच. मल्लू कुदळ खांद्यावर टाकून परगावी निघून गेला.

पावसाळा आला. पंधरा दिवस झाले, महिना झाला. सोनबा रोज खड्ड्याच्या तळाला हात लावून बघायचा. तळ कोरडा. एका दुपारी पाऊस नुसता कोसळत असताना तो घरामागं गेला आणि चरावरच्या मातीला कान लावला. खाली घोंघावत पाणी चाललं होतं. त्याच्या अंगावर काटा आला. एवढं पाणी! आणि आजोबा, बाप आणि आपण, तिघं मिळून हातभर चिकणमातीनं याला अडवायला निघालो होतो. तो चिखलातच गुडघे टेकून बसला आणि त्यानं जमिनीला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी चंद्राक्का आली. एकटी बाई, वय झालेलं. चणे आणि चुरमुरे भाजून विकायची, त्यावरच तिचं पोट. तिची भट्टी घराच्या जमिनीत खणलेली होती. तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं होतं.

“सोनबा, तुझ्याकडं यायचं तसं पाणी या वर्षी माझ्याकडं आलंय,” ती म्हणाली. “भट्टीत विस्तव टिकत नाही. ती चिकणमाती कशी लावायची ते दाखव मला. आणि तुझं चोपणं दे.”

सोनबाला कळलं, हे आपल्याच चरातलं पाणी. चर झाकलेला होता, त्यातलं पाणी कुठं पोचतं ते जाणणारा मल्लू गावात नव्हता. चोपणं हातात दिलं असतं तर बिचारी आभार मानून गेली असती, आणि डोंगराच्या पाण्याला बोल लावत जन्मभर भट्टीचा तळ बडवत राहिली असती. सोनबानं कोपऱ्यातलं चोपणं उचललंही. मग ते तसंच खाली ठेवलं.

“आक्का, ते पाणी माझंच आहे,” तो म्हणाला. “मीच तुझ्या घरावर सोडलंय.” आणि त्यानं तिला सगळं सांगितलं.

चंद्राक्कानं वाकून त्याच्या कोरड्या खड्ड्याच्या तळाला हात लावून बघितला. शिव्या देईल असं त्याला वाटलं होतं. तिनं दिल्या नाहीत.

“मग चोपणं नको,” ती म्हणाली. “कुदळ घे.”

नऊ दिवस सोनबा भर पावसात कुंपणापासून ओढ्याकडं चर खणत होता. जे पाय वाचवण्यासाठी एवढा खटाटोप केला, तेच पाय आता दिवसभर पाण्यात. वैद्य येऊन रागावून गेला. बायको दगड वाहायची, चंद्राक्का मुरमाच्या पाट्या उचलायची. थट्टा करणारे दोन दिवस लांबून बघत होते, तिसऱ्या दिवशी तेही पहारी घेऊन आले.

नवव्या दिवशी दुपारी ओढ्याच्या काठचा शेवटचा हातभर मुरूम फोडला. आधी गढूळ पाणी आलं. मग ते निवळलं आणि मांडीएवढी जाड धार जमिनीच्या पोटातून बाहेर पडली. थंड, काचेसारखी स्वच्छ. लोक थक्क होऊन बघत राहिले. डोंगर उघडलाय असं वाटत होतं.

“एवढं होतं होय आपल्या अंगाखाली,” चंद्राक्का हळूच म्हणाली आणि घराकडं गेली. भट्टीतलं पाणी तिच्या डोळ्यांदेखत बोट बोट खाली उतरत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्या छपरातून धूर निघाला.

सोनबाच्या पायांची सूज दसऱ्यापर्यंत उतरली नाही. तोवर मागावर बायको बसली आणि सोनबा तिला सुताच्या कांड्या भरून देत राहिला. पण धूर दिसला त्या सकाळी तो काठी टेकत दारात आला, चंद्राक्काच्या छपराकडं बघत उभा राहिला आणि घळाघळा रडला. आता कुठं माझं घर कोरडं झालं, असं तो बायकोला म्हणाला.

तात्पर्य: आपल्या घरातली अडचण शेजाऱ्याच्या घरात ढकलली म्हणजे ती सुटत नाही, तिला ओढ्यापर्यंत पोचवावं लागतं.