दूधगाडीचं इंजिन

गाड्यांचे सुटे भाग एकमेकांशी बोलायचे, त्या काळची गोष्ट. सुभान मिस्त्रीनं अंगणात पाइप जोडून शर्यतीच्या गाडीचा सांगाडा चाकांवर उभा केला आणि मोडीत निघालेल्या दूधगाडीचं इंजिन त्यात बसवायला घेतलं. पण इंजिन दोन बोटं जास्त रुंद निघालं. सांगाड्याचा एक पाइप कापल्याशिवाय ते बसेना.

"माझ्या अंगाला करवत लावायची नाही," सांगाडा म्हणाला. "आजोबा, तुम्ही दुधाचे कॅन ओढणारे. भंगारवाला येतोच आहे तुम्हाला न्यायला."

इंजिन शांतपणे म्हणालं, "मला तो नेईल, पोरा. तुला कोण नेईल?"

सांगाडा ऐटीत अंगणापुढच्या उतारावरून सुटला, खाली जाऊन थांबला आणि काही केल्या वर येईना. गल्लीतल्या म्हशी त्याला हुंगून गेल्या. शेवटी तो खालच्या आवाजात म्हणाला, "मिस्त्री, करवत आणा."

शर्यतीच्या दिवशी इंजिन घाट असं चढलं, की पुढच्या सगळ्या गाड्या मागे पडल्या. भरलेले कॅन जन्मभर ओढलेल्या त्याला सांगाड्याचं ओझंच जाणवेना. ते घाबरून म्हणालं, "पोरा, आहेस ना रे?"

"आहे, आजोबा," सांगाडा हसत म्हणाला. "थांबू नका."