बोंड्या मागं वळला

पाय पोटाशी घ्या पाहू. आणि गोदे, चिमटे काढणं पुरे. हं, ऐका.

एक होता डोंगर. माथ्यावर राहायची डोंगराई. दर मार्गशीर्षात राणोजी, त्याची बायको आणि लेक रंगू तिला पुरणपोळी घेऊन जायची. रीत अशी, की चढताना मागं वळून बघायचं नाही. राणोजीच्या पणज्यापासून कुणी बघितलं नव्हतं, बरं का!

त्या वर्षी रंगूनं कुत्र्याचं पिल्लू बरोबर घेतलं. कापसाच्या बोंडासारखं पांढरं, म्हणून त्याचं नाव बोंड्या. राणोजी म्हणाला, "येऊ दे. पण तीनदा मागं वळला, तर धनगराला देऊन टाकीन." रंगूनं बोंड्याला घट्ट कवटाळलं. फार जीव होता हो तिचा त्याच्यावर.

मग निघाली सगळी. वाऱ्यानं राणोजीचं मुंडासं उडालं. मागं बघायचं नाही, म्हणून हा तसाच बोडक्यानं चालला! बोंड्या पळाला आणि मुंडासं घेऊन आला. "एक," राणोजी म्हणाला. मुंडासं मात्र गुपचूप डोक्यावर ठेवलं.

मग आईची पोळ्यांची पुरचुंडी घरंगळली. बोंड्यानं तीही आणली. वरून जराशी चाटली, एवढंच. "दोन."

मग आलं दाट धुकं. मागून चालणाऱ्या रंगूच्या पायात काटा मोडला. ती मटकन खाली बसली. आई-आबा पुढं गेले, दिसेनासे झाले. हाक मारावी, तर बोंड्या वळणार, आणि मग तीन होणार! रंगूनं तोंडावर हात दाबला. डोळे मात्र वाहत होते.

तरी बोंड्या वळलाच. तिच्याजवळ बसून भुंक भुंक भुंकला. ते ऐकून आईनं रीतभात गुंडाळून ठेवली आणि गर्रकन मागं फिरली. मग राणोजीही फिरला. काटा काढला, लेकीला खांद्यावर घेतलं.

माथ्यावर राणोजीनं हात जोडले. "आई, चुकलो. मागं बघितलं."

डोंगर गदागदा हसला. डोंगराई म्हणाली, "अरे वेड्या, तुझ्या पणज्याला खाली बघितलं की घेरी यायची. म्हणून त्या एकट्याला सांगितलं होतं मी!" आणि चाटलेली पोळी तिनं बोंड्यालाच दिली.

उतरताना रंगूनं भीत भीत विचारलं, "आबा, तीन झाले ना?"

राणोजी म्हणाला, "मला मेल्याला कुठं मोजता येतं?"

रंगूनं त्याच्या गळ्याला मिठीच मारली. मग सगळी सुखानं राहिली. दर वर्षी चढताना वळणावळणावर मागं बघू लागली.

मीही बघते. एक, दोन, तीन. आहात सगळे. मिटा आता डोळे.