झेलाचं दार

तरसवाडीच्या वर माळावर दगडी खोपट दिसतं ना, त्याच्या दाराला गुडघ्याइतक्या उंचीवर एक खोलगट जागा आहे. आईविना कोकराच्या डोक्यानं ती पडली, असं सांगतात. एवढ्याशा कोकरानं लाकूड झिजतं का, असं तुम्ही विचाराल. लहानपणी मीही विचारलं होतं.

त्या खोपटात येसबा धनगर आणि त्याची सून झेला राहत. मुलगा कळप घेऊन दूर चरायला गेला होता. मागं राहिलेल्या चार मेंढ्यांत एक बिरोबाला सोडलेली होती. तिचा वंश घरात तुटू द्यायचा नाही, असा येसबाच्या बापाचा नवस. ती मेंढी व्याली आणि लगेच मेली. झेलानं ओलं कोकरू पदरात घेतलं. कापडाच्या बोळ्यानं शेळीचं दूध पाजलं, पाच दिवस उरापाशी निजवलं. तिथंच चुकलं, म्हणे. कोकराला तिच्या पदराचा वास लागला. ते दुसऱ्या कुणाच्या हातचं पिईना.

सहाव्या दिवशी बांगड्या विकणारा कासार निरोप घेऊन आला. झेलाची आई अंथरुणाला खिळली होती, लेकीचं नाव घेत होती. माहेर दोन डोंगरांपलीकडं. असल्या थंडीत कोकरू तिथवर नेलं तर मरणार, टाकून गेलं तर उपाशी मरणार.

येसबा म्हणाला, "कोकरू दुसऱ्या मेंढीला लागू दे, मग जा."

एका मेंढीचं पिल्लू मेलेलं होतं. तिनं चाटून आपलं म्हणावं म्हणून कोकराला मीठ चोळून तिच्यापुढं धरलं. तिनं हुंगलं आणि लाथ मारली.

"तुझा वास येतोय त्याला," येसबा म्हणाला. "तू दिसतीस तवर ते तिच्याकडं वळायचं न्हाई."

"मग मी आत बसते, मामंजी, न्हाईच लागलं तर पाजायला जवळ पायजे. भाईरनं कडी लावा. आतनं लावली तर मी उघडीन."

त्यानं कडी लावली. कोकरू दाराशी आलं आणि ओरडू लागलं. डोकं घासायचं, थांबायचं, पुन्हा घासायचं. झेला आत बसलेली, तोंडात पदराचा बोळा. एकदा जरी ओ दिली असती तरी सगळं वाया गेलं असतं. पलीकडं आई तिची वाट बघतेय, अलीकडं हे लेकरू हाका मारतंय, आणि मधे तिला हलता येईना. येसबा बोटानं दूध चाटवायला गेला की ते तोंड फिरवी. दोन दिवस असे गेले, म्हणे.

तिसऱ्या सकाळी हाक थांबली. झेलाला वाटलं, संपलं. तिनं फटीतून पाहिलं. दाराला टेकून पडलेल्या कोकराच्या अंगावरचं मीठ ती मेंढी चाटत होती. चाटता चाटता तिनं त्याला नाकानं उठवलं. ते धडपडत कासेला लागलं.

येसबानं कडी काढली. झेला कोकराकडं न बघता धावत निघाली.

काही जण सांगतात, आईनं तिला ओळखलं. काही सांगतात, ती पोहोचायच्या आदल्या सांजेलाच आई गेली. मला दुसरं खरं वाटतं, कारण परत आलेल्या सुनेपुढं येसबा कधी मान वर करून बोलला नाही, असं माझी आजी सांगायची.

दाराची ती जागा कोकरानं पाडली नसेल. माहेरी निघालेल्या बायका जाताना तिथं हात टेकतात, त्यानं झिजली असेल.

आजही तरसवाडीत सुनेच्या माहेरून आजारपणाचा निरोप आला, तर घरातला पुरुष आधी तिच्या हातातलं काम आपल्या हातात घेतो. निरोप त्यानंतर सांगतो.