तांब्याची साळुंकी

एका राज्यात न्यायासनावर माणूस बसत नसे, तांब्याची साळुंकी बसे. आरोपी समोर आला की ती एकच विचारी, "रक्त सांडलंस?" तिच्यापुढे खोटं बोलायला जीभ वळत नसे. होय म्हटलं की ती म्हणे, "बारा वर्षं!" बाराची अकरा करायची मुभा खुद्द राजालाही नव्हती.

ती आणली होती राजा भानुकीर्तानेच. त्याची एकुलती लेक केतकी दागिन्यांपायी मारली गेली. न्यायाधीश निघाला मारेकऱ्याचा मामा. त्याने भाच्याला सोडून दिलं. राजा तडक कालंजर मांत्रिकाकडे गेला. म्हणाला, "ज्याला मामा नाही, मावशी नाही, असा न्याय दे." मांत्रिकाने साळुंकी घडवली आणि बजावलं, "राजा, ही कुणालाच 'का?' म्हणून विचारणार नाही. मग तुलाही कुणी विचारणार नाही." राजाला वाटलं, एवढंच ना!

पण एवढंच फार निघालं. त्या राज्याची रीत अशी, की दारी आलेल्याला गूळपाणी द्यायचं आणि विचारायचं, "कसं येणं केलंत?" राजाला गूळ मिळे, पाणी मिळे; प्रश्न मात्र कुणाच्या ओठी येईना. त्याचं ताट तसंच परत जाई, का ते कुणी विचारीना. केतकीच्या झोपाळ्यावर तो दुपारभर बसून राही, आणि राणी शेजारून निघून जाई. अशी सात वर्षं गेली. भरल्या महालात राजा एकटा पडला. पायावर धोंडा पाडून घ्यायला राजेलोकांना प्रधानाचा सल्ला लागत नाही.

अखेर त्याने साळुंकीलाच हात जोडले. "माझी सुटका कशात आहे?"

"बुरुजातल्या तीन कोठड्या उघड. मी जे विचारलं नाही, ते तू विचार. तू ज्यांना विचारशील, त्यांनाच तुला विचारता येईल. एकाने विचारलं तरी सुटशील."

मुकुट उतरवून राजा एकटाच बुरूज चढला. पहिल्या कोठडीत रायबा लोहार होता. "रक्त का सांडलंस?"

"दारूच्या भरात मित्राचं बोट तोडलं, महाराज. त्याने तर कधीच माफ केलंय." एवढं बोलून तो भिंतीकडे वळला.

दुसऱ्या कोठडीत भैरू दरोडेखोर होता. घोंगडीसाठी त्याने वाटसरू मारला होता. "थंडी वाजत होती?"

"छे! गंमत वाटली." तो हसला. याला बारा वर्षं कमीच पडली, हे राजाला तिथेच कळलं.

तिसऱ्या कोठडीत राही नावाची म्हातारी होती. दार उघडताच ती उठली, पदराने तांब्या पुसला, पदराची गाठ सोडून काळवंडलेला गुळाचा खडा काढला. "सणाला मिळतो, तो ठेवते. कुणी आलं तर असावा. सात वर्षांत तुम्हीच पहिले."

तिने तो पुढे केला. राजाने विचारलं, "रक्त का सांडलंत?"

"जावई लेकीचा गळा आवळत होता. हाती मुसळ लागलं."

"लेक कुठे आहे?"

"वाट बघून गेली दोन सालांमागं. दुखण्यात पाणी द्यायला जवळ कुणी नव्हतं."

राजा ढसाढसा रडू लागला. राहीने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "तुम्ही का रडता, बाबा?"

सात वर्षांनी कुणीतरी विचारलं होतं. राजाने सारं सांगितलं, केतकीचं आणि साळुंकीचं. शेवटी म्हणाला, "तो कायदा माझाच."

राहीने सारं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सात वर्षं आधी यायचं होतंत." पण पुढे केलेला गूळ तिने मागे घेतला नाही.

खाली दरबारात साळुंकीला पिसं फुटली आणि ती खिडकीतून उडून गेली. न्यायासनावर पुन्हा माणूस बसला, आणि कुणाच्याही नात्यातल्याचा निवाडा त्याने करायचा नाही असं ठरलं. रायबा घरी गेला. भैरूची वर्षं वाढली. राही सुटली, पण तिच्या घरी दार उघडायला कुणी नव्हतं. राजा दर पंधरवड्याला तिच्या ओसरीवर जाई. ती गूळपाणी देई आणि विचारी, "कसं येणं केलंत?"

जसं त्याला कुणी विचारलं, तसं तुम्हाआम्हालाही वेळेवर कुणी विचारो.