पेटाऱ्याचं बूड

हाताने आणि वितीने मोजायचे, त्या फार जुन्या काळची गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर कान देऊन ऐकावी.

एका राज्यात लागोपाठ दोन वर्षं पीक बुडालं. उरलं ते पेटाराभर बाजरीचं बियाणं. ते गेलं तर पेरायला दाणा नव्हता. वाळवी लागू नये म्हणून राजाने हुकूम दिला, "लाकडी पेटाऱ्याला बाहेरून तांब्याचा पत्रा मढवा."

पेटारा चार हात लांब, दोन हात रुंद, दोन हात उंच. दरबारचे शास्त्रीबुवा त्याच्याभोवती फिरले. चार बाजू मोजल्या, झाकण मोजलं आणि म्हणाले, "बत्तीस चौरस हात पत्रा."

दाराशी पत्रावळी लावणारी एक म्हातारी बसली होती. तिने पळसाच्या पानांना काड्या टोचून तशीच एक इवलीशी पेटी केली. मग कडांच्या काही काड्या उपसल्या आणि अख्खी पेटी जमिनीवर सपाट पसरली.

"आता मोजा, बुवा. तुमच्या पेटाऱ्याचे लांब तुकडे चार, आठ-आठ चौरस हातांचे. लहान दोन, चार-चारचे. चाळीस झाले. बूड विसरलात की!"

दरबार खो खो हसला. शास्त्रीबुवा लालबुंद झाले. चूक त्यांना दिसली होती, बरं का! तरी म्हणाले, "बुडाकडे बघतो कोण? आणि उलगडून मोजायला हा काय द्रोण आहे?"

"वाळवी बघते," म्हातारी म्हणाली. "ती झाकणावरून येत नाही, मातीतून येते."

राजालाही पटलं. पण भर दरबारात पत्रावळीवालीचं ऐकायचं? छे! तो म्हणाला, "तू आपली पानं टोच, म्हातारे."

बत्तीस चौरस हात पत्रा ठोकला. पेटारा लखलखला. शास्त्रीबुवांना शाल मिळाली.

पेरणीला झाकण उघडलं, तर आत माती आणि पोकळ फोलपटं. बूड चाळणीसारखं झालेलं. त्या साली नांगर जागचे हलले नाहीत. गावंच्या गावं उठून गेली, आणि जी म्हातारीकोतारी चालू शकली नाहीत, ती तिथेच संपली.

राजाने पत्रावळीवालीला बोलावून घेतलं. "आजी, बुडाला किती पत्रा लागेल?"

आता आजी!

"आठ चौरस हात लागला असता," ती म्हणाली. "आता काय झाकतोस? वाळवी?"

माप कोणी सांगितलं हे बघत बसू नये. ते बरोबर आहे का, एवढंच बघावं.