तीनशे मोर

"मग सर, एक धडा तरी देणार की नाही?"

वृषालीने तिसऱ्यांदा विचारलं. मेस्त्री सर पडवीत बसून सुरीने पेन्सिल तासत होते. चाळीस वर्षं चित्रकला शिकवून माणूस निवृत्त झाला, पण हट्ट काही निवृत्त झाला नव्हता.

"नाही," सर म्हणाले.

वृषालीचं डोकं तापलं. ती काही हौस म्हणून आली नव्हती. तिच्या तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर चित्रकलेला शिक्षकच नाही. म्हणून शाळेतली नोकरी सांभाळून, स्वतः खपून तिने दोनशे व्हिडिओ केले होते. तिला चित्रकला शिकवली ती याच सरांनी. तेव्हा या सगळ्या व्हिडिओंच्या आधी, पहिला धडा त्यांचा असावा, एवढंच तिचं मागणं.

"तुम्ही नाही म्हणून मोकळे व्हाल. त्या पोरांनी काय करायचं? मी तर शिकवणारच. तुम्ही आलात तर तुमच्यासह, नाहीतर तुमच्याशिवाय."

"शिकव की."

"आधी बघा तरी." तिने मोबाइल त्यांच्यापुढे धरला. "दोनाच्या आकड्यापासून मोर, सात पायऱ्यांत. तीनशे मुलांनी काढून पाठवलेत."

सरांनी चष्मा लावला. तीनशेच्या तीनशे मोर डावीकडे बघत होते.

"सुबक आहेत. यात आपल्या रेवाचा कुठला?"

रेवा म्हणजे वृषालीची लेक, सात वर्षांची. वृषालीने बोट सरकवलं... मागे गेली... पुन्हा पुढे आली... चित्राखाली नाव घालायला तिने कुणाला सांगितलंच नव्हतं. पोटच्या पोरीचा मोर तिला ओळखता येईना. फार लाज वाटली तिला.

"काढलाय तिने. इथंच आहे कुठंतरी..."

"काढलाय?" सर म्हणाले. "पायातला काटा काढतात. विहिरीतलं पाणी काढतात. आत असतं, ते काढतात. हा दोनाचा आकडा तर तू दिलास."

गप्प बसणं वृषालीच्या रक्तात नव्हतं, आणि सरांना ते चांगलं ठाऊक होतं.

"मग बंद करू सगळं? पोरांच्या हातात पेन्सिलच येऊ नये, असं म्हणायचंय तुम्हाला? मी नाही बंद करणार, सर. तुम्ही सांगितलंत तरी नाही."

...

सर पहिल्यांदाच हसले. त्यांनी सुरी बाजूला ठेवली.

"लाव कॅमेरा."

तिने घाईघाईने मोबाइल शेजारच्या पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. सरांनी त्याच्यासमोर कोरा कागद धरला.

"बाळांनो, पेन्सिल घ्या. मोबाइल पालथा घाला. आणि काढा."

एवढं बोलून ते हाताची घडी घालून बसले. वृषाली वाट बघत राहिली...

"सर, अहो, काय काढायचं ते तरी सांगा ना."

"ते मला ठाऊक असतं, तर मीच नसतं का काढलं?"