डोंगर थोपवला तो दिवस

सज्जनहो, करंजखोरे आज पठारावर आहे. पण पूर्वी ते खाली दरीत, ओढ्याच्या काठी, चाळीस उंबऱ्यांचे गाव होते. त्या श्रावणात उमानाथ महाराजांचा मुक्काम तिथल्या शिवमंदिरात होता.

गावात गोजरा नावाची विधवा कुंभारीण राहत असे. महाराजांवर तिची अपार श्रद्धा. माती काढायला ती रोज डोंगरात जाई. एके सकाळी ती रिकामी पाटी घेऊन धावतच मंदिरात आली.

"महाराज, डोंगराला भेग पडलीय. काल बोट जात होतं, आज आख्खा हात गेला. झऱ्यालाही गढूळ पाणी येतंय. माझा जीव थाऱ्यावर नाही."

महाराज म्हणाले, "माय, जे पाहिलेस ते गावाला सांग. भिऊ नकोस."

गोजराने चावडीपुढे उभे राहून भेगेचे सांगितले आणि पठारावर चला म्हणाली. गावचे प्रमुख विसाजी देशमुख हसले. "सात पिढ्या आम्ही या डोंगराखाली नांदतोय. आता कुंभारणीनं आम्हाला डोंगर शिकवायचा? पठारावर जाईल त्यानं पुन्हा गावात पाऊल टाकायचं नाही!"

लोकांनी माना खाली घातल्या. शरमेने गोजराचे कान तापले, पण ती हलली नाही. दारोदार फिरून विनवू लागली. काही जण निघाले, बाकीचे देशमुखांकडे बघत राहिले.

दुपारी डोंगराच्या पोटातून घरघर ऐकू आली. गुरांनी दावी तोडली. मग कोण कुणाला विचारतो! सारा गाव ओढा ओलांडून पठाराकडे पळत सुटला. त्या लोंढ्यात देशमुखही होते. चढावर ते एकाएकी थबकले.

"आई! माझी आई आत राहिली!"

म्हातारी वर्षभर अंथरुणाला खिळलेली. देशमुख परत वळले, पण समोर झाडे उभीच्या उभी सरकताना पाहून ते मटकन खाली बसले.

गोजराने महाराजांकडे पाहिले. महाराजांनी फक्त मान हलवली. ती पदर खोचून उतारावरून धावली.

महाराज ओढ्यात उतरले आणि त्यांनी उजवा हात डोंगराकडे उचलला. "थांब रे बाबा. माझी लेक आत आहे."

आणि काय सांगावे! घरघर थांबली. निसटलेली शिळा देशमुखांच्या छपरावर टेकून तशीच राहिली. तिच्याखालून गोजरा वाकून आत गेली. म्हातारीला पाठुंगळी घेतले. डोक्यावर माती गळत होती, तोंडी नाम होते. एकेक पाऊल टाकत तिने ओढा ओलांडला, तेव्हा कुठे महाराजांनी हात खाली घेतला.

क्षणात सारी दरी धुळीने भरली. गाव नाहीसे झाले. माणूस मात्र एकही गेले नाही.

देशमुख रडत महाराजांच्या पायांवर कोसळू लागले. महाराज मागे सरले. "आधी तिच्या पाया पड. तुझ्या आईला तिनं आणलंय."

देशमुख वळले. गोजरा संकोचून म्हणाली, "नको हो, देशमुख, पाय चिखलानं भरलेत."

देशमुखांनी त्या चिखलावरच कपाळ टेकवले.